बाबांना आधीपासूनच जपानी येतं!

ग्रुपमध्ये कुणी माती खाल्ली की तुम्हीही ‘बाका!’ म्हणून ओरडता ना? (आपल्या ‘बाका प्रसंग’मधला नव्हे, ॲनिमेतला.) परवा मुकुंदवाडीत आमच्या घरी मी भावावर तशीच ओरडले. बाबा चहा पीत होते. म्हणाले, “असं म्हणू नये. त्याला पोका म्हण.”

मी गार!

बाबांनी आयुष्यात एकही ॲनिमे पाहिलेला नाही. पण चिकलठाणा एमआयडीसीत वीस वर्षं मशीनवर काढली आहेत. कायझेन, कानबान, गेम्बा हे शब्द ते ‘ओव्हरटाइम’ म्हणावं तितक्या सहज बोलतात. ‘मुदा’सुद्धा! ‘जोजो’मधला डिओ बुक्क्या मारत ‘मुदा मुदा मुदा’ ओरडतो, तोच शब्द. अर्थ, व्यर्थ. कंपनीत वाया गेलेला माल, वेळ, हेलपाटा, सगळं मुदा.

आणि पोकाची गोष्ट तर ऐकाच. कामात चूक होऊच नये म्हणून जी सोय करतात, तिला जपानमध्ये आधी ‘बाका-योके’ म्हणायचे. म्हणजे मूर्खांपासून बचाव. १९६३ मध्ये एका कारखान्यात हे नाव वापरलं गेलं, तर तिथली एक कामगार रडायलाच लागली. आपण काय मूर्ख आहोत का, हे तिला लागलं. इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी नाव बदलून ‘पोका-योके’ केलं. पोका म्हणजे नजरचूक, जी कुणाचीही होते. तुमच्या सिम कार्डाचा एक कोपरा कापलेला असतो, उलटं घातलं तर बसत नाही, ती पोका-योकेच. बाबांना ट्रेनिंगमधलं बाकी फारसं आठवत नाही, ही गोष्ट मात्र पाठ आहे.

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं आपल्या जिल्ह्यातल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केलाय. म्हणजे हे शब्द उद्या तुमच्या इंटरव्ह्यूतही निघतील.

खाण्याचं म्हणाल तर डोरेमॉनचा ‘डोरा केक’ म्हणजे मूळचा दोरायाकी. आत अझुकी नावाच्या कडधान्याचं गोड सारण. आपल्या पुरणाचा लांबचा भाऊच!

आता भाऊ बाबांना ‘कावाई’ म्हणजे गोंडस, हे शिकवतोय. काल बाबांनी आईच्या नव्या साडीला कौतुकानं ‘कोवाई’ म्हटलं. त्याचा अर्थ भीतिदायक. आईला अजून कुणी सांगितलेलं नाही.