उसावरील लोकरी मावा व त्याचे वैरी

सन २००२ च्या जुलैंत सांगली जिल्ह्यांत उसावर पांढरा लोकरी मावा आला, तेव्हां औषधें पुष्कळ फवारलीं. परंतु कीड पानांच्या पाठीशीं, आणि उंच उसांत माणूस शिरणार कसा? ह्या किडीची मादी नरावांचून जिवंत पिल्लें प्रसवते, म्हणून ती झपाट्यानें वाढते. तिच्या चिकट स्रावावर बुरशी धरून पानें काळीं पडतात. पुढें आळा बसला तो मुख्यत्वें कोनोबाथ्राची अळी व मायक्रोमस ह्या मावाभक्षक कीटकांमुळें. माणगंगेकाठीं विहिरींवर ऊस करणारांनीं काळें पान दिसतांच तें उलटून पाहावें. दिसेल ती अळी चिरडावयाची, ही आपली खोड येथें महाग पडते. हे मित्र असल्यास विष फवारूं नये. नसल्यास दुसऱ्या फडांतून कोनोबाथ्राच्या अळ्यांसह पानें कापून आणावीं व किडलेल्या पानांस टांचावीं. हेक्टरीं १००० अळ्या सोडाव्या.