एका टाकीत अनेक रॅस: भांडण लागण्याआधीची तयारी



आज आपण बोलणार आहोत खाऱ्या पाण्याच्या फिशटँकबद्दल, आणि त्यातही रॅस नावाच्या माशांबद्दल. अशी टाकी आणायची हौस घरात कुणाचीही असो, वेळेवर खाणं घालणं, पाणी बदलणं, काच पुसणं ही कामं बऱ्याचदा बाईच्याच वाट्याला येतात. मग मासे कोणते घ्यायचे, हे ठरवतानाही आपलं म्हणणं असायला हवं, असं आम्हांला वाटतं.

रॅस हा एक मासा नव्हे, ते मोठं कुळ आहे. त्यात पाचशेहून जास्त जाती आहेत. काही आपल्या बोटाएवढ्या, तर नेपोलियन रॅस दोन मीटरच्या आसपास वाढतो. आपल्या लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांतही अनेक रॅस राहतात. रंग असे की नजर हटत नाही, म्हणूनच एकाऐवजी चार-पाच घ्यावेसे वाटतात. पण गप्पीसारखे हे मासे घरोघरी वाढत नाहीत. दुकानात दिसणारे बहुतेक रॅस समुद्रातून पकडून आणलेले असतात. आपल्या टाकीत एक मेला आणि आपण दुसरा आणला, की समुद्रातला आणखी एक कमी झाला. पैसे जातात ते वेगळेच.

आता भांडण का होतं ते पाहू. लोकलचा लेडीज डबा आठवा. सुरुवातीच्या स्टेशनवर सगळ्या एकदम चढल्या तर ज्या त्या आपापली जागा धरतात. पण भरलेल्या डब्यात मधल्या स्टेशनवर कुणी शिरलं, की आधीच्या बायकांच्या कपाळावर आठी. रॅसचंही तसंच. जो आधी आला, तो टाकी आपली समजतो. आणि नवा मासा त्याच्याच आकाराचा, त्याच्याच रंगाचा असेल तर तो त्याला सरळ प्रतिस्पर्धी मानतो.

म्हणून पहिला नियम निवडीचा. दिसायला एकमेकांसारखे नसलेले रॅस निवडा. फेअरी रॅस आणि फ्लॅशर रॅस त्यातल्या त्यात शांत. पिवळाधमक कॅनरी रॅसही बहुधा जुळवून घेतो. सिक्सलाइन रॅस मात्र दिसतो चिमुकला, पण फार भांडकुदळ. मून रॅस पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि लहान मासे, कोळंब्या गट्ट करतो. घरच्या मिश्र टाकीसाठी तो नव्हेच. तीन-चार लहान रॅस ठेवायचे तर टाकी निदान चार फूट लांब आणि तीनशे लिटरच्या आसपास हवी.

दुसरा नियम क्रमाचा. सर्वांत भित्रा मासा आधी, दांडगट सर्वांत शेवटी. शक्य असेल तर शांत रॅस एकाच दिवशी सोडावेत. सिक्सलाइन घ्यायचाच असेल तर तो अगदी शेवटी. त्याला आधी सोडलं आणि तो इतरांच्या मागे लागला, तर पकडणं महाकठीण. खडकाच्या फटीत शिरला की सगळे खडक बाहेर काढावे लागतात.

तिसरा नियम ओळख करून देण्याचा. नवा मासा आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून त्याला रोग नाही ना हे पाहावं. मग भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात घालून तो डबा मुख्य टाकीत काही दिवस अडकवावा. जुने मासे त्याला बघतात, डब्यावर धडका देतात, पण त्याला इजा होत नाही. धडका थांबल्या की मगच सोडावं. तरीही एखादा मागे लागला, तर काचेला बाहेरून आरसा लावावा. दांडगट मासा आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि नव्याला थोडी उसंत मिळते.

आता एक नवलाची गोष्ट. बऱ्याच रॅस जातींत मादीचा नर होतो. रॉबर्टसन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांतल्या क्लीनर रॅसबद्दल हे मांडलं. कळपातला नर गेला की सर्वांत वरचढ मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखर नर होते. याचा आपल्याशी संबंध असा, की एका जातीचा एकच नर ठेवावा. दोन नर जमत नाहीत. सोबत हवीच असेल तर लहान माद्या घ्याव्यात. हा क्लीनर रॅस मात्र घरी आणू नये. तो मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो आणि घरच्या टाकीत बहुधा उपाशी मरतो.

रात्रीची सोयही बघायला हवी. कॅनरी आणि लीपर्ड रॅस वाळूत शिरून झोपतात. त्यांना पाच ते आठ सेंटिमीटर बारीक वाळू लागते. वेगळ्या टाकीतही वाळूचा एक वाडगा ठेवावा. नवा मासा काही दिवस वाळूतून वरच आला नाही तर घाबरून उकरू नका. फेअरी रॅस खडकाच्या फटीत बुळबुळीत द्रवाची पिशवी करून तिच्यात झोपतात. प्रत्येकाला स्वतःची फट मिळेल इतके खडक हवेत. ते माणसाने बनवलेलेच घ्या. प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आणि झाकण! रॅस घाबरला की उडी मारतो. सकाळी केर काढताना फरशीवर मासा सापडायला नको असेल तर टाकीवर बारीक जाळी ताणून बसवा. वायर आणि पाइपसाठी ठेवलेली फटसुद्धा बुजवा.

खाणं थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा, आणि टाकीच्या दोन टोकांना घालावं. म्हणजे एकच दांडगट सगळं ओरपत नाही. वीज जाण्याचा त्रास असेल तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ हवाच.

फाटलेले पर, कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थराला चिकटून राहणं, खाण्यापाशी न येणं, ही छळाची लक्षणं. पहिल्या दिवशी थोडा पाठलाग होतोच. पण मासा खात नसेल तर "होईल सवय" म्हणून थांबू नका. त्याला लगेच वेगळं करा.

तेव्हा मैत्रिणींनो, दुकानात गेलात की चार प्रश्न विचारा. हा केवढा होईल? वाळूत झोपतो की खडकात? आमच्याकडे आहेत त्यांच्याशी जमेल का? आणि आत्ता, आमच्यासमोर, खाऊन दाखवतो का? उत्तरं पटली नाहीत तर पिशवी हातात घेऊ नका. हौस महिनाभर थांबली तरी चालते.