पीएनएमएल फाइल म्हणजे काय? पेट्री नेट एका टूलमधून दुसऱ्यात नेताना काय जपायचं?

कुठल्याही फोनवर काढलेला जेपीजी फोटो दुसऱ्या फोनवर सहज उघडतो. पेट्री नेटच्या मॉडेलसाठी असंच काम पीएनएमएल, म्हणजे पेट्री नेट मार्कअप लँग्वेज करते. पण याच फाइलने प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री मला घाम फोडला होता.

आधी पेट्री नेट समजून घेऊ

जर्मनीच्या कार्ल ॲडम पेट्री यांनी १९६२ च्या प्रबंधात याचा पाया घातला. गोल म्हणजे प्लेस (स्थिती), चौकोन म्हणजे ट्रान्झिशन (घटना), त्यांना जोडणारे बाण म्हणजे आर्क आणि गोलातले ठिपके म्हणजे टोकन. घटना घडली की टोकन एका गोलातून दुसऱ्यात जातात.

माझं मॉडेल होस्टेलच्या रूमचं होतं. दोघं जण, पण अडॅप्टर एक आणि केबल एक. मी अडॅप्टर उचलला, रूममेटने केबल उचलली, आता दोघंही बसलोय वाट बघत! याला डेडलॉक म्हणतात. तो टाळायला मी दोन इनहिबिटर आर्क टाकले: केबल त्याच्याकडे असेल तर मी अडॅप्टर घ्यायचा नाही, आणि अडॅप्टर माझ्याकडे असेल तर त्याने केबल घ्यायची नाही. टूल म्हणालं, डेडलॉक नाही. मी खूश!

फाइलच्या आत काय असतं?

पीएनएमएल ही एक्सएमएलवर आधारलेली साधी टेक्स्ट फाइल आहे. फोनवरच्या टेक्स्ट एडिटरमध्येही ती वाचता येते. प्रत्येक प्लेस आणि ट्रान्झिशनला आयडी असतो. आर्क कुठून निघतो आणि कुठे जातो, सुरुवातीला कुठे किती टोकन आहेत, चित्रात काय कुठे काढायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. २०११ मध्ये हा फॉरमॅट आयएसओ/आयईसी १५९०९-२ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाला.

याशिवाय 'टूलस्पेसिफिक' नावाचा एक कप्पा असतो. टूलला स्वतःची खास माहिती त्यात ठेवता येते. दुसऱ्या टूलने ती वाचलीच पाहिजे असं बंधन नाही.

मग गडबड कुठे झाली?

नेमकी इथेच! माझ्या टूलने इनहिबिटर आर्क या कप्प्यात ठेवले होते. सरांच्या टूलने कप्पा सोडून दिला. फाइल उघडली, एरर एकही नाही, चित्रही छान दिसलं. पण दोन बाण गायब आणि उत्तर आलं: डेडलॉक आहे! म्हणजे फाइल उघडली याचा अर्थ मॉडेल तेच राहिलं असा होत नाही.

उपाय सोपा निघाला. मी 'पाळी' नावाची एक प्लेस जोडली, तिच्यात एकच टोकन. ते टोकन मिळालं तरच काहीही उचलायचं, आणि चार्जिंग झालं की अडॅप्टर-केबलबरोबर तेही परत ठेवायचं. यात सगळे आर्क साधेच. त्यामुळे दोन्ही टूलमध्ये उत्तर सारखं आलं.

हे लक्षात ठेवा

१. एक्सपोर्ट केल्यावर फाइलमध्ये टूलस्पेसिफिक हा शब्द शोधा. तिथे फक्त रंग-फॉन्टची माहिती असेल तर चिंता नाही. नियम लपले असतील तर सावध व्हा.

२. दुसऱ्या टूलमध्ये प्लेस, ट्रान्झिशन, आर्क आणि टोकन मोजून बघा.

३. जमेल तिथे मॉडेल साध्या प्लेस-ट्रान्झिशन नेटमध्येच बसवा.

माझी मोजणी सबमिशनच्या आदल्या रात्री झाली. तुम्ही ती आधीच करा!