जीवाणूंचा जमाखर्च

विज्ञान हा माझा विषय नव्हे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तरी हा लेख लिहितो आहे, याला कारण जमिनीवरचा एक काळा डाग.

सिल्वासाजवळच्या खडोलीत माझे काका (आमच्या घरच्या कन्नडात चिक्कप्पा) कारखान्यात नोकरीला आहेत. गेल्या मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. खोल्यांमागे कोणी जुने तेल ओतत असे. तेथे गवतही उगवत नव्हते. काका म्हणाले, "पाऊस लागला की हे सारे नदीला मिळते." मी म्हणालो, "मग तेल खाणारे जंतू का टाकत नाहीत?" प्रश्न माझाच, म्हणून उत्तरही मीच शोधले.

असे जंतू खरोखर आहेत. आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय शास्त्रज्ञाने अमेरिकेत सूडोमोनास या जीवाणूत अनेक प्लाझ्मिडे एकत्र आणली. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे लहानसे कडे. तेलाचे निरनिराळे घटक पचविणारी जनुके या कड्यांवर होती. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी या जीवाणूचे पेटंट मान्य केले. पण सांडलेले तेल साफ करण्यासाठी तो कधीच वापरला गेला नाही.

निर्बंध होतेच; पण मूळ अडचण अशी की पचविणे वेगळे आणि टिकणे वेगळे. प्रयोगशाळेत आयते अन्न मिळते. मातीत उपासमार, कोरडेपणा आणि जीवाणूंना गिळणारे आदिजीव असतात. तेथे दुसरीच जनुके लागतात. आरपीओएस नावाचे जनुक उपासमारीत इतर अनेक जनुकांना कामाला लावते. काही जीवाणू ट्रेहॅलोज ही साखर साठवून कोरडेपणा सोसतात. शिवाय प्लाझ्मिड बाळगणे खर्चाचे. प्रत्येक विभाजनात त्याची नक्कल करावी लागते. तेल संपले की हा खर्च निव्वळ तोट्याचा ठरतो आणि प्लाझ्मिड नसलेली संतती पुढे जाते.

म्हणून त्या मातीत आधीच तग धरलेले जीवाणूच अनेकदा उपयोगी पडतात. १९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचे तेल किनाऱ्यावर पसरले, तेव्हा नत्रयुक्त खत घालून तेथल्याच जीवाणूंना बळ दिले गेले. आपल्याकडे टेरी संस्थेचे 'ऑइलझॅपर' हेही निसर्गात सापडलेल्या जीवाणूंचेच मिश्रण आहे.

मी काकांना कळविले: माती सैल करा, थोडे खत घाला, ओल राखा. पण आधी तेल ओतणाऱ्याला थांबवा. रोज नवे तेल पडत राहिले, तर जीवाणूंचा हिशेब कधीच जुळणार नाही.