नव्व्याण्णवनंतर

पनवेलहून सीएसएमटीला जाणारी लोकल सव्वा तासाच्या वर घेते. तेवढ्या वेळात माझा भाचा झाडं तोडतो. फोनवर. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या खेळातला त्याचा माणूस कुऱ्हाड घेऊन उभा असतो. झाडावर बोट टेकवलं की घाव घालत राहतो, ते पडलं की पुढच्या झाडावर बोट टेकवायचं. वाशीला गर्दी चढते, कुर्ल्याला उतरते, याची तोड चालूच. हा खेळ 2018 मध्ये फोनवर आला तेव्हापासून त्याने एकेक कौशल्य शेवटच्या लेव्हलला, म्हणजे 99 ला नेलं. मासेमारी, स्वयंपाक, लोहारकी, सगळं. लाकूडतोड तेवढी राहिली होती, ती गेल्या श्रावणात संपली. कौशल्य 99 झालं की त्याचा खास झगा अंगावर घेता येतो. फुकट नाही, 99,000 नाणी मोजावी लागतात. म्हणजे सत्कारही आपला आणि शालीचे पैसेही आपलेच.

शाल घेतली, दोन दिवस मिरवली आणि रविवारी वडाळे तळ्यावर भेळ खाताना म्हणाला, “मामा, मॅक्स झालो. आता काय करू?”

माझ्या बहिणीने हे ऐकलं असतं तर “नोकरीत लक्ष घाल” म्हणाली असती. मला मात्र हसू आलं नाही, कारण हाच प्रश्न मी याच गावात 20 वर्षांपूर्वी ऐकला होता.

तेव्हा जुन्या पनवेलात, लाईन आळीपासून दोन मिनिटांवर, एक सायबर कॅफे होता. आठ संगणक, एक कुरकुरणारा पंखा आणि चपला बाहेर काढायची सक्ती. तिथे आम्ही ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ खेळायचो. खेळ कोरियाच्या ग्रॅव्हिटी कंपनीचा, 2002 सालचा. भारतात तो लेव्हल अप नावाची कंपनी चालवायची. त्यातही शेवटची लेव्हल 99. तिथे पोचलेल्या माणसाच्या पायाशी निळसर प्रभावळ उमटायची. मी सत्तरीच्या पुढे कधी गेलो नाही. आमच्यातला एक जण पोचला. त्याची प्रभावळ बघायला कॅफेचा मालक गल्ला सोडून आला होता, आणि त्या दिवशी त्याने एका तासाचे पैसेही घेतले नव्हते.

चौथ्या दिवशी हा प्रभावळवाला खेळातल्या प्राँटेरा शहराच्या चौकात नुसता उभा. राक्षस मारून उपयोग नाही, अनुभवाचे गुण मिळायचे बंद झालेले. तो होता प्रीस्ट. प्रीस्टला दुसऱ्या गावाचं दार उघडता येतं. दर वेळी एक निळा खडा खर्ची पडतो, जमिनीवर प्रकाशाचं वर्तुळ उमटतं, त्यात पाय ठेवला की माणूस गेफेनला किंवा पायोनला. त्याने खडे विकत घेतले आणि धंदा सुरू केला. पनवेल स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाले जसे हाळी देतात, तशी हा चौकात टाइप करून हाळी द्यायचा. भाडं ठरलेलं. नवख्यांना फुकट, वर अंगात बळ येण्याचा आशीर्वादही. महिनाभरात त्याला नावाने शोधत लोक येऊ लागले. 99 ला पोचेपर्यंत त्याला कॅफेबाहेरचं कुणी ओळखत नव्हतं.

खेळ चालवणाऱ्यांना हा पेच पहिल्यापासून ठाऊक आहे. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ लिहिला. नुसत्या अक्षरांचा, चित्र एकही नाही. पण अनेकांनी एकाच जगात एकाच वेळी वावरायचं, ही कल्पना त्यातलीच. तिथे सगळ्या पायऱ्या चढलेला माणूस ‘विझार्ड’ व्हायचा आणि त्याला खेळ चालवण्याचेच अधिकार मिळायचे. सभासदाला संचालक मंडळावर घेण्याची ही सहकारी रीत पुढच्या कंपन्यांनी सोडून दिली. बार्टलने पुढे 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्याला छळणारे. लेव्हल संपल्यावर खरं अडतं ते पहिल्या प्रकाराचं. धुंडाळणाऱ्याला अजून न पाहिलेला डोंगर असतो, माणसांत रमणाऱ्याला कट्टा असतो, आणि छळणाऱ्याला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही.

1999 च्या ‘एव्हरक्वेस्ट’पासून आणि 2004 च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’पासून उत्तर ठरून गेलं: रेड. वॉरक्राफ्टमध्ये साठाव्या लेव्हलला पोचलेल्या 40 जणांनी ‘मोल्टन कोर’ नावाच्या गुहेत शिरायचं, दहा बॉस मारायचे, आणि पुढच्या आठवड्यात गुहा पुन्हा भरली की पुन्हा शिरायचं. एका बॉसकडून दोन-चार वस्तू मिळायच्या, मागणारे चाळीस. भांडणं न होऊन सांगतात कुणाला? मग खेळाडूंनीच ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ची वही घातली. हजेरी लावली की गुण जमा, वस्तू उचलली की वजा. थोडक्यात भिशी. फरक इतकाच की आपल्याकडे भिशी फुटली तर नातं तुटतं, तिथे गिल्ड, म्हणजे खेळाडूंचं मंडळ, फुटायचं आणि चाळीस माणसं एका रात्रीत वाऱ्यावर जायची.

भारतातून खेळणाऱ्याला वर घड्याळाचा मार. गिल्ड युरोपातलं असेल तर तिथल्या संध्याकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्या रात्रीचे साडेबारा. कामोठ्याचा एक ओळखीचा हीलर सांगायचा, शेवटचा बॉस पडायचा तेव्हा पहिल्या लोकलची वेळ झालेली असायची. हेडफोनवर कुजबुजत बोलायचं, कारण पलीकडच्या खोलीत आई झोपलेली. चाळीस जणांना जिवंत ठेवायचं आणि आईला उठवायचं नाही, यातलं अवघड काम दुसरं, असं तो म्हणे.

रेड न जमणाऱ्यांसाठी 2007 मध्ये ‘डेली’ आल्या, म्हणजे दररोज तीच ठरावीक कामं, दररोज तीच मजुरी. सुरुवातीला दिवसाला दहा कामांची मर्यादा होती, मग ती पंचवीस केली. मला यात रोजगार हमीची सावली दिसते, पण रोजगार हमीतून निदान पाझर तलाव तरी झाले. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी वॉरक्राफ्टची कंपनी नवा भाग काढते आणि छत वर सरकवते: 60 चे 70, मग 80, असं करत 2018 मध्ये 120. कष्टाने मिळवलेली तलवार नव्या भागाच्या पहिल्याच आठवड्यात भंगारात. आकडे इतके फुगले की 2020 मध्ये सगळ्यांना खाली ओढून छत पुन्हा 60 वर आणलं, आणि रहाटगाडगं पुन्हा सुरू. ‘गिल्ड वॉर्स 2’ ने तेवढा हा मार्ग धरला नाही. 2012 पासून त्याची शेवटची लेव्हल 80 आहे, ती आजही 80. तेव्हाचं चांगलं चिलखत आजही चालतं.

पनवेलकराने वाचलाच पाहिजे असा नमुना मात्र जपानच्या ‘फायनल फँटसी 14’ चा. या खेळाचे दिग्दर्शक नाओकी योशिदा उघडपणे सांगत आले आहेत की काम संपलं तर दुसरा खेळ खेळा, नवीन भाग आला की परत या. एवढं सज्जन वाक्य कुठल्या दुकानदाराच्या तोंडी ऐकलंय? पण त्याच खेळात घरं आहेत, आणि घरं मोजकीच. लेव्हल संपलेली माणसं लढाया सोडून घराच्या मागे लागतात. मागणी इतकी की 2022 पासून सोडत काढतात. सिडकोच्या सोडतीत नाव न लागलेली माणसं आमच्याकडे घरटी एक आहेत. त्यांना हे दुःख वेगळं समजवावं लागत नाही. सोडत लागली तरी सुटका नाही. 45 दिवस घरात पाऊल टाकलं नाही तर घर पाडतात. म्हणजे परत येईन म्हणून निश्चिंत गेलेल्या माणसालाही कुलूप उघडायला मध्ये यावंच लागतं. सज्जनपणाला तेवढी बारीक अक्षरातली अट आहे.

आता हे सगळं कंपनीने मांडून ठेवलेलं काम. माझं मत विचाराल तर ते बहुतेक रोजंदारीच असतं, आणि म्हणूनच पोरं कंटाळतात. टिकतात ती माणसं ज्यांनी आपलं काम स्वतः शोधलं.

एव्हरक्वेस्टमधल्या केराफिर्म ड्रॅगनचंच बघा. हा झोपलेला ड्रॅगन कुणाला मारता येऊ नये म्हणूनच बनवला होता. त्याला जागं केलं की तो सगळ्यांना चिरडून निघून जायचा, एका सर्व्हरवर एकदाच. नोव्हेंबर 2003 मध्ये रॅलोस झेक या सर्व्हरवरच्या, एरवी एकमेकांचे गळे धरणाऱ्या तीन गिल्डांनी ठरवलं, याला मारायचंच. दीडशेहून जास्त माणसं. मरायचं, उठवून घ्यायचं, पुन्हा धावायचं, असं जवळजवळ तीन तास. ड्रॅगनचा साधारण पाव जीव उरला आणि कंपनीच्या माणसाने तो अचानक गायब केला. ओरड झाली, कंपनीला नमतं घ्यावं लागलं, ड्रॅगन परत आणला, आणि पोरांनी तो मारला. त्याच्याकडे लूट म्हणून काही नव्हतंच. हे आधी कळलं असतं तरी एकही जण घरी गेला नसता, असं मला वाटतं.

आणि नॉर्वेचा मॅट्स स्टीन. स्नायू झिजवणाऱ्या ड्यूशेन आजाराने तो चाकाच्या खुर्चीत. 2014 मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. मुलगा एकटा राहिला, कुणाच्या उपयोगी पडला नाही, याचं आईवडिलांना दुःख. त्याच्या ब्लॉगवर वडिलांनी निधनाची बातमी टाकली आणि युरोपभरातून पत्रं येऊ लागली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तो इबेलिन होता, स्टारलाइट गिल्डचा. कुणाच्या घरातलं भांडण त्याने सोडवलं होतं, कुणाला आपल्या मुलाशी बोलायची वाट दाखवली होती. गिल्डमधले काही जण अंत्यविधीला पोचले. 2024 मध्ये त्याच्यावरचा माहितीपट सगळीकडे दिसला. त्या पत्रांत त्याच्या लेव्हलबद्दल बोलायला कुणी बसलं नव्हतं.

ऑनलाइन गेम म्हटलं की आपल्याकडे पैसे लावायचे खेळ डोळ्यांपुढे येतात. ते 2025 च्या कायद्याने बंद केले, बरं झालं. पण त्या एका शब्दाच्या टोपलीत भिशी चालवणारी, घर सजवणारी, नवख्याला दार उघडून देणारी माणसंही आपण टाकतो.

आपल्या मोक्षपटात, ज्याचं श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते, शेवटच्या घराला पोचलं की सोंगटी उचलून ठेवतात. वैकुंठात पोचून पुढे काय, हे पटावर लिहिलेलं नाही. रॅग्नारोकने मात्र पुढचं लिहिलं. 99 झालेल्याला पुनर्जन्म घेता येतो. आधी 12,85,000 झेनी दान करायचे, एक जुना ग्रंथ वाचायचा, आणि वाल्किरीसमोर उभं राहायचं ते रिकाम्या हातांनी. खिशात एक झेनी नको, पाठीवर एक वस्तू नको. मग पहिल्या लेव्हलपासून नवा जन्म. आमच्या प्रीस्टवर ही वेळ आली नाही. नंतर तो सर्व्हरच बंद झाला आणि प्रभावळीसकट सगळं गेलं. तो आता खांदा कॉलनीत राहतो. परवा भेटला तेव्हा पहिली आठवण त्याने निळ्या खड्यांच्या भावाची काढली.

भाच्याला मी यातलं निम्मंच सांगितलं. बाकीचं त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. उलट त्यानेच मला सांगितलं की रूनस्केपमध्ये 92 म्हणजे 99 ची निम्मी वाट. 99 साठी 1,30,34,431 गुण लागतात आणि 92 ला जेमतेम 65 लाख झालेले असतात. “शेवटच्या सात पायऱ्यांत माणूस बदलतो, मामा,” असं तो फार गंभीरपणे म्हणाला आणि माझ्या भेळेतली शेवटची पुरी उचलली.

त्याचं ठरलंय. 2021 पासून त्या खेळात ‘ग्रुप आयर्नमॅन’ आहे. दोन ते पाच जणांचा गट करायचा, शून्यापासून सुरू करायचं, बाजारातून काही घ्यायचं नाही, लागेल ते गटातल्याच कुणीतरी बनवून द्यायचं. खारघरचा एक, कळंबोलीचे दोघं आणि हा, असे चौघं जमलेत. लक्ष्मीपूजन झालं की सुरुवात. मासे कोण धरणार, लोखंड कोण ठोकणार, हे वाटून झालंय. झाडं तोडायला या वेळी त्याने साफ नकार दिलाय. पाचवी जागा रिकामी आहे आणि कुऱ्हाडीसाठी त्याने मला विचारलंय. चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगून मी भाऊबीजेपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.