पिवळे पडलेले सोयाबीन आणि विषाणूंचे जनुकद्रव्य

सोयाबीन पिवळे पडू लागले की हिंगणी परिसरातील शेतकरी वैद्याकडेही पिकाचे गाऱ्हाणे मांडतो. 2023 च्या खरिपात पिवळ्या मोझॅकने पूर्व विदर्भात मोठी हानी केली. प्रतिजैविक फवारावे काय, जंतू खाणारे विषाणू पिकावर सोडता येतील काय, असे प्रश्न येतात. दोहोंचे उत्तर नकारार्थी आहे.

जंतू खाणारे ते बॅक्टेरियोफाज. हे नाव डी'हेरेल यांनी 1917 साली रूढ केले. बहुतेक फाजांचे जनुकद्रव्य दुपदरी डीएनए असते. टी-4 हा फाज सुमारे 1,69,000 जोड्यांचा आपला डीएनए शेपटीवाटे जीवाणूत सोडतो; कवच बाहेरच राहते. ज्या जीवाणूचा पृष्ठभाग तो ओळखतो, त्यालाच बाधतो. सोयाबीनच्या पेशीशी त्याला कर्तव्य नाही.

वनस्पतींचे विषाणू बहुधा एकपदरी आरएनएचे. तंबाखूच्या मोझॅक विषाणूत सुमारे 6,400 न्यूक्लिओटाइड असतात आणि पेशीतील रायबोसोम तो आरएनए थेट वाचतात. केंद्रकात शिरण्याची गरजच नाही. संत्र्यावरील ट्रिस्टेझा व पपईवरील रिंगस्पॉट याच वर्गातील असून दोन्ही माव्यामार्फत पसरतात. वनस्पतीची कठीण पेशीभित्ती विषाणूला स्वतः भेदता येत नाही. जखम किंवा किडीची सोंड हाच त्याचा मार्ग.

आपल्या सोयाबीनचा शत्रू मात्र या नियमात बसत नाही. पिवळ्या मोझॅकच्या विषाणूत एकपदरी डीएनएची दोन वर्तुळे असतात, प्रत्येकी सुमारे 2,700 न्यूक्लिओटाइडांची. पांढरी माशी त्यांना वाहून आणते. पुढे केंद्रकात वनस्पतीचीच यंत्रणा त्यांच्या प्रती काढते. भेंडीचा केवडाही याच कुळातील विषाणूचा. उलट एमएस-2 हा फाज आरएनएचा. त्याची 3,569 अक्षरांची संहिता 1976 साली पूर्ण वाचली गेली. ‘फाज म्हणजे डीएनए, वनस्पती म्हणजे आरएनए’ हे पाठांतर म्हणूनच अपुरे आहे. प्रयोगशाळेतही फरक पडतो: आरएनए विषाणूच्या पीसीआर चाचणीपूर्वी त्याची डीएनए प्रत करावी लागते, पिवळ्या मोझॅकला ती पायरी लागत नाही.

प्रतिजैविके जीवाणूंच्या भित्तीवर वा रायबोसोमवर आघात करतात. विषाणूकडे यांपैकी काहीच नाही. तो खर्च वायाच जातो. (चरकोक्त अदृश्य कृमी म्हणजेच हे विषाणू, असे घाईने म्हणणेही मला शास्त्रीय वाटत नाही.)

शेतकऱ्यास सांगावे ते एवढे: प्रतिकारक्षम वाण निवडावे, पहिली रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत, पिवळे चिकट सापळे लावून पांढऱ्या माशीवर लक्ष ठेवावे. घरची मंडळी धास्तावली असतील तर हेही सांगावे की हा विषाणू माणसास बाधत नाही.