एकच नाव, दोन फोल्डर : भिन्न संगणक प्रणालींमधील फाइल-देवाणघेवाणीच्या अडचणी

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर, कावेरीच्या काठी स्वामीमलै हे गाव आहे. मुरुगनच्या सहा प्रमुख स्थानांपैकी एक आणि कावेरीच्या गाळमातीच्या साच्यांत पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचे गाव म्हणून ते ओळखले जाते. कृषी क्षेत्रातील वाचकांना या परिसराची आणखी एक ओळख सांगता येईल. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्म १९२५ साली कुंभकोणम येथे झाला, आणि तमिळनाडूचे भात संशोधन केंद्र जेथे आहे ते आडुदुरै याच भागात आहे.

भात बियाण्याच्या कामानिमित्त या परिसरातील एका शेतकरी गटाच्या कार्यालयात काही दिवस राहण्याचा योग आला. कुरुवै हंगाम तोंडावर होता. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटते. त्याआधी कोणत्या सभासदाला कोणत्या वाणाचे किती बियाणे द्यायचे याची यादी पक्की होणे आवश्यक असते. कार्यालयात लिनक्सवर चालणारा एक जुना संगणक होता, हिशेबनीस विंडोजच्या लॅपटॉपवर काम करीत आणि गावनिहाय नोंदी करणाऱ्या स्वयंसेवकाकडे जुना मॅक होता. यादी पूर्ण झाल्याचे सर्वांना वाटत असताना एक सभासद बाई विचारायला आल्या की त्यांचे नाव यादीत का नाही. शोध घेतला, तेव्हा लिनक्सच्या संगणकावर ‘कुंभकोणम’ या एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे! एकात जुन्या नोंदी, दुसऱ्यात नव्या. हिशेबनीसांनी उचलला होता तो जुना. त्या बाईंबरोबर आणखीही काही नावे गळली होती. बियाणे अजून वाटले नव्हते, म्हणून निभावले.

या घटनेचे कारण पुढे सांगितले आहे. परंतु ते या साखळीतील शेवटचे कडे आहे. भिन्न प्रणालींच्या संगणकांत फाइल पोहोचत नाही, उघडत नाही किंवा चुकीची उघडते, तेव्हा दोष कोणत्या पायरीवर आहे हे क्रमाने तपासल्याखेरीज उपाय करू नये. बहुतेक ठिकाणी याउलट घडते : प्रथम अँटिव्हायरस बंद केला जातो, मग फोल्डर ‘सर्वांसाठी’ खुला केला जातो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

पहिली पायरी म्हणजे दोन संगणक एकमेकांपर्यंत पोहोचतात का. विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत दुसरा संगणक दिसत नाही, एवढ्यावरून तो जोडलेला नाही असे समजू नये. संगणकाचे नाव जाहीर करण्याची पद्धत प्रत्येक प्रणालीची निराळी आहे. मॅकची एक, आजच्या विंडोजची दुसरी आणि लिनक्सला तर त्यासाठी बहुधा स्वतंत्र सेवा बसवावी लागते. म्हणून नावाच्या मागे न लागता दुसऱ्या संगणकाचा आयपी पत्ता थेट द्यावा. विंडोजच्या पत्तापट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पत्ता व फोल्डरचे नाव लिहावे. मॅकच्या फाइंडरमध्ये ‘कनेक्ट टू सर्व्हर’ निवडून आणि लिनक्सच्या फाइल-व्यवस्थापकात एसएमबी हे अक्षरत्रय पुढे लावून तोच पत्ता द्यावा. असे केल्यावर फोल्डर उघडला, तर दोष केवळ नाव दिसण्याचा होता. उघडला नाही, तर विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘पब्लिक’ असे नोंदले गेले आहे का ते पाहावे. नव्या वाय-फायला जोडताना हाच पर्याय अनेकदा निवडला जातो, आणि मग फायरवॉल ४४५ क्रमांकाचे दार बंद ठेवते. कार्यालयाचे स्वतःचे नेटवर्क असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करावे. फायरवॉल मात्र बंद करू नये.

दुसरी पायरी भाषेची आहे. फाइल मागण्याची व देण्याची विंडोजची जी भाषा, ती एसएमबी. मॅकही आज मुख्यतः हीच वापरतो. लिनक्सला ही भाषा येते ती ‘साम्बा’ या मुक्त प्रणालीमुळे. कावेरीच्या खोऱ्यात हा शब्द उच्चारला की शेतकऱ्याला ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीच्या आसपास कापणीला येणारा भाताचा दीर्घ हंगाम आठवतो, हा निव्वळ योगायोग. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिकत असताना १९९१-९२ च्या सुमारास हे काम आरंभिले. आधीच्या नावावर दुसऱ्या कोणाचा हक्क निघाल्याने त्यांनी संगणकातील शब्दसंग्रहातून एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले आणि त्यांतला एक उचलला. हेच ट्रिजेल पुढे ड्रोनच्या उड्डाण-नियंत्रणाच्या ‘अर्डूपायलट’ या मुक्त प्रणालीच्या कामातही अग्रभागी राहिले, ही बाब फवारणी ड्रोन हाताळणाऱ्या आपल्या वाचकांना रंजक वाटेल.

या भाषेची पहिली आवृत्ती जुनी आणि असुरक्षित आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने तिच्यातीलच दोषाचा फायदा घेतला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून विंडोज १० च्या नव्या मांडणीत ही आवृत्ती आपोआप बसवणे थांबले. साम्बानेही सप्टेंबर २०१९ च्या ४.११ या आवृत्तीपासून ती मूळ मांडणीत बंद ठेवली. त्यामुळे कार्यालयातील जुने झेरॉक्स-स्कॅनर यंत्र किंवा जुनी नेटवर्क-साठवण पेटी संगणक बदलल्यावर एकाएकी ‘मुकी’ होते. यंत्र बिघडलेले नसते. त्याला जुनीच बोली येते आणि समोरचा ती ऐकण्यास नकार देतो. पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करा, असा सल्ला अनेक तंत्रज्ञ अजूनही देतात. आमचा त्यास स्पष्ट विरोध आहे. यंत्राची आज्ञावली अद्ययावत करावी; ते शक्य नसेल तर स्कॅन पेनड्राइव्हवर घ्यावे. शेतकऱ्यांचे आधार व बँक तपशील ज्या संगणकात आहेत, त्याचे दार एका स्कॅनरसाठी उघडे ठेवणे परवडणारे नाही.

तिसरी पायरी ओळखीची. येथे तीन घोटाळे वारंवार आढळतात. विंडोजमध्ये दररोज चार आकडी पिन टाकून काम करणारे नेटवर्कवरही तोच पिन देतात. तेथे मात्र खात्याचा मूळ पासवर्ड लागतो. पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून प्रवेशच देत नाही. आणि साम्बाची पासवर्डांची यादी स्वतंत्र असते : लिनक्सवर खाते आहे म्हणून साम्बात ते आपोआप येत नाही, तेथे वेगळे नोंदवावे लागते. पूर्वी पासवर्डाविना ‘पाहुणा’ म्हणून फोल्डर उघडत असे. विंडोज १० च्या एंटरप्राइज व एज्युकेशन आवृत्त्यांत हे २०१७ मध्ये बंद झाले, आणि २०२४ च्या विंडोज ११ (२४एच२) पासून प्रो आवृत्तीतही बंद आहे. ‘कालपर्यंत चालत होते’ या तक्रारीमागे बहुधा हाच बदल असतो. उपाय एकच : प्रत्येक वापरकर्त्यास नाव व पासवर्ड द्यावा. फोल्डर दिसतो पण त्यात लिहिता येत नाही, अशा वेळी ध्यानात घ्यावे की परवानगी दोन ठिकाणी असते, वाटलेल्या फोल्डरवर आणि डिस्कवरील मूळ फोल्डरवर. दोहोंपैकी जी कडक, ती लागू होते.

नेटवर्क नसेल तेथे पेनड्राइव्ह. ती फॅट३२ पद्धतीने आखलेली असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल तिच्यावर मावत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. ड्रोनच्या छायाचित्रांवरून जोडलेला शेताचा मोठा नकाशा घेऊन जाताना ‘जागा अपुरी’ असा संदेश आला, तर हे आठवावे. एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅक केवळ वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. तिन्ही प्रणालींत चालणारी पद्धत एक्सफॅट. लिनक्सच्या गाभ्यात ती २०१९ च्या ५.४ या आवृत्तीपासून आली आहे. मात्र पेनड्राइव्ह नव्याने आखली की आतील सर्व फाइली पुसल्या जातात, हे आधी लक्षात घ्यावे.

आता नावांकडे येऊ. आपल्या कामातील सर्वाधिक नुकसान येथे होते आणि सर्वांत कमी लक्ष येथेच दिले जाते.

साधे उदाहरण सातबाऱ्याचे. मॅकच्या फाइंडरमध्ये फाइलला ‘७/१२ उतारा’ असे नाव देता येते. विंडोज व लिनक्स या दोन्हींत तिरपी रेघ नावात चालत नाही. मॅकही ती आतून विसर्गचिन्हासारख्या दोन बिंदूंच्या रूपात साठवतो, आणि ते चिन्ह विंडोजला नामंजूर असते. परिणामी फाइल कधी पोहोचत नाही, कधी तुटक्या नावाने पोहोचते. ‘सकाळी १०:३०’ असे नाव लिनक्सवर चालते, विंडोजवर नाही. इंग्रजी मोठी व लहान अक्षरे लिनक्स भिन्न मानतो. विंडोज सामान्यतः मानत नाही. शेताच्या सीमांची शेपफाइल म्हणजे एकाच नावाच्या पण निरनिराळी शेपटे असलेल्या अनेक फाइलींचा संच. त्यांपैकी एकीचे शेपूट मोठ्या अक्षरांत गेले, तर विंडोजवर उघडणारा नकाशा लिनक्सवर अपुरा ठरू शकतो. पुष्कळजण तर संचातील एकच फाइल पाठवतात आणि समोरच्याचा संगणक बिघडला असे समजतात.

लांबीचाही प्रश्न आहे. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर नावाची मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त हे सारे वेगळे मोजले जात असल्याने सुमारे ८५ चिन्हांतच नाव संपते. विंडोज मात्र २५५ चिन्हे घेतो. ‘अंतिम’, ‘सुधारित अंतिम’, ‘नवीन सुधारित अंतिम’ अशी नावे वाढवत नेण्याची आपल्या कार्यालयांची सवय लिनक्सवरील साठवण पेटीच्या दारात येऊन अडते.

स्वामीमलैचा घोटाळा यांहून सूक्ष्म होता. तमिळमध्ये ‘कुंभकोणम’ लिहिताना ‘को’मधील ओकाराची खूण अक्षराच्या दोन्ही बाजूंना उमटते. युनिकोडमध्ये ही खूण एका संकेताने लिहिता येते किंवा डावा व उजवा असे दोन संकेत जोडूनही. पडद्यावर रूप तेच दिसते. जुन्या मॅकची डिस्क नावे साठवताना अशी अक्षरे फोडून ठेवते. तेथे बांधलेली झिप लिनक्सवर उलगडली गेली, तेव्हा फोडलेल्या ओकाराचे नाव आणि आधीच्या फोल्डरचे अखंड ओकाराचे नाव लिनक्सला दोन वेगळी नावे वाटली. नवा फोल्डर जुन्यात मिसळण्याऐवजी शेजारी जाऊन बसला. हे प्रथम लक्षात आले ते त्या सभासद बाईंच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीच्या. पुत्राने पित्याला प्रणवाचा अर्थ सांगितला अशी ज्या स्थळाची कथा, तेथे लहानाने मोठ्यांना धडा द्यावा हे साजेसेच.

हे तमिळचेच दुखणे आहे असे मात्र समजू नये. आपल्या कामात अनिवार्य असणारा ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द पाहा. त्यातील ‘ऱ्य’ किमान तीन प्रकारे लिहिला जातो : ऱ या स्वतंत्र अक्षराने, साध्या र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह यांनी. कोणता कीबोर्ड काय उमटवील हे वापरणाऱ्यास कळत नाही. म्हणून ‘शेतकऱ्यांची यादी’ या दिसायला एकाच नावाच्या दोन फाइली एका फोल्डरात सुखाने नांदू शकतात, आणि शोधपट्टीत शब्द लिहिल्यावर त्यांतली एकच सापडू शकते. एक्सेलमध्ये नावांच्या दोन याद्या जुळवताना ‘सापडले नाही’ असे उत्तर येते, त्यामागेही कधी कधी हेच असते.

लिनक्सवर ‘कॉन्व्हएमव्ही’ या साधनाने फोडलेली नावे एकरूप करता येतात. ते आधी काय बदलेल हे दाखवते आणि स्पष्ट आज्ञा दिल्यावरच बदल करते. त्यापूर्वी दोन्ही फोल्डरांची प्रत अन्यत्र ठेवावी. जोडचिन्हाचा प्रकार मात्र त्याने सुटत नाही, तेथे नाव हातानेच बदलावे लागते. यापुढील कामासाठी, मनास फारसे न रुचणारी का होईना, आमची शिफारस अशी की सामायिक फोल्डरांतील फाइलींना गावाचा शासकीय स्थानिक स्वराज्य निर्देशिकेतील संकेतांक आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, एवढेच इंग्रजी अंकांत नाव द्यावे. मराठी नाव फाइलीच्या आत, पहिल्या ओळीत लिहावे.

फाइलीच्या आतील मजकूर ही वेगळी बाब. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय पाठवू नये. युनिकोडमधील सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास मराठी विद्रूप दिसू शकते. अशा वेळी ती तशीच जतन करू नये, बंद करावी आणि ‘डेटा’ विभागातून यूटीएफ-८ निवडून आत घ्यावी. लिब्रेऑफिस उघडतानाच हा प्रश्न विचारते. तेथे घाईने ‘ओके’ दाबू नये.

स्वामीमलैच्या कार्यालयात त्या संध्याकाळी दोन्ही फोल्डर छापून काढले आणि एकेक नाव मोठ्याने वाचून ताडले. यादी दुसऱ्या दिवशी नव्याने लागली.